उजवीकडचा डच, डावीकडचा माओरी

डच आणि माओरी ह्या दोन भाषांची तुलना करू शकणारा माणूस नीरा नदीच्या अलीकडे एकच होऊन गेला, आणि तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा होता. नदीच्या पलीकडे कुणी असल्यास मला ठाऊक नाही; पलीकडे संस्थानी मुलूख, तिथलं काही सांगता येत नाही. अलीकडे मात्र बारामतीपासून इंदापुरापर्यंत कुणालाही धरून विचारलं असतं, की बाबा रे, डच भाषा गोड की माओरी, तर त्यानं "कन्हेरीला जा" म्हणून बोट दाखवलं असतं. कन्हेरीला आमच्या आतोबांचं गुऱ्हाळ होतं. उसाचा हंगाम लागला की तिथं बैल चरक फिरवायचे, काहिलीत रस उकळायचा, आणि चुलवाणाच्या उबेला बसून आतोबा जगातल्या ह्या दोन भाषांचा न्यायनिवाडा करायचे. ऐकायला मी असायचीच. मी तेव्हा मराठी सहावीत होते. तेल थापून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि बारामतीतली सगळ्यात हुशार मुलगी आपणच अशी पक्की खात्री. ही खात्री मला कुणी दिली होती कोण जाणे. आरशानं नाही, आणि गणिताच्या मार्कांनी तर मुळीच नाही.

ह्या भाषा कन्हेरीत आल्या कशा ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी बनवते आहे. जर्मन लढाईच्या वेळी आतोबा खेचरांच्या पलटणीत भरती होऊन मिसर देशात गेले होते. लढाई कशी होती असं विचारलं की म्हणायचे, "काय की. लढाई फुडं हुती, आमी खेचरांच्या मागं हुतो." तिथं वाळूचं तुफान झालं आणि आतोबांचे डोळे असे काही आले की डॉक्टरनं दोन्हींवर पट्ट्या बांधून त्यांना डोळ्यांच्या तंबूत नेऊन टाकलं. एरवी गोऱ्यांचे तंबू वेगळे आणि आपल्या लोकांचे वेगळे. पण डोळ्यांच्या आजाऱ्यांची गर्दी झाली तेव्हा सगळ्यांना एकाच तंबूत निजवलं, कारण कोण कुठल्या रंगाचा हे बघायला तिथं डोळे शाबूत होते कुणाचे? आतोबांच्या उजव्या हाताला एक खाट, डाव्या हाताला एक खाट. दोन्हींवरची माणसं बोलायची, पण आतोबांना न कळणाऱ्या आणि एकमेकांनाही न कळणाऱ्या भाषेत. तंबू झाडणारा एक मिरजेकडचा गडी होता. त्याला आतोबांनी विचारलं, "ही मंडळी कोण?" तो म्हणाला, "एक डच हाय, बोटीवर कोळसा टाकनारा. आन एक माओरी, लांबच्या बेटावरचा लढवय्या. त्यांच्यात तोंडावर गोंदून घ्यायची चाल हाय म्हनं." कोण कुठल्या खाटेवर, हे काही आतोबांनी विचारलं नाही. विचारायचं कशाला? ऐकूनच कळत होतं.

उजवीकडच्याचा आवाज खोल आणि मऊ. त्याचा एक डोळा उघडा होता, त्यामुळे सकाळी तोच आतोबांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायचा, हातात पेज द्यायचा, आतोबांची बोटं धरून आकडे शिकवायचा आणि दिवस मावळला की गाणं म्हणायचा. डावीकडचा सकाळपासून माश्यांवर, पेजेवर, खाटेच्या सुतळीवर आणि बहुधा देवावरही घशाच्या मुळापासून करवादायचा. तेव्हा उजवीकडचा डच आणि डावीकडचा माओरी. आतोबांचा हिशेब सरळ होता. लढवय्या माणूस खाकरून बोलणार. आणि साहेब, मग तो कोळसा टाकणारा का असेना, हळूच बोलणार. वास्तविक आमच्या कालव्यावरचा साहेब बोलायला लागला की दोन पाटांपलीकडचे बगळे उडायचे, पण तो दाखला त्या वेळी आतोबांच्या ध्यानात आला नाही. पट्ट्या सुटल्या तेव्हा दोन्ही खाटा रिकाम्या होत्या. माणसं गेली होती, भाषा तेवढ्या राहिल्या. त्या घेऊन आतोबा कन्हेरीला परत आले. गावातली बाकीची माणसं लढाईवरून कांबळी आणि बूट घेऊन आली होती.

"डच भाषा म्हंजी काकवी," आतोबा सांगायचे, "धार तुटतच न्हाय. कुठलाबी शबूद घे, शेवटाला तोंड उघडंच ऱ्हातंय. पानी म्हंजी वाई. खानं म्हंजी काई. चांगलं म्हंजी पाई. हाय का कुठं अडकल्यालं?"

"नाही आतोबा."

"आन माओरी म्हंजी चरकात अडकल्यालं चिपाड. घशातनं ख काढल्याबिगर गाडी फुडं सरकत न्हाय. अठ्ठ्याऐंशीला काय म्हन्त्यात, म्हाईत हाय? अख्तनताख्तिख!"

हा आकडा ते असा म्हणायचे की समोर बसलेला माणूस उपरण्यानं तोंड पुसायचा. गुऱ्हाळावर कुणी खोकत आला की आतोबा त्याला गूळ-सुंठ द्यायच्या आधी म्हणायचे, "तुला माओरी झकास येईल बघ." एकदा कुणीतरी शंका काढली की माओरीत पाण्याला 'वाटर' म्हणतात, मग हे इंग्रजीसारखं कसं? आतोबा उसासा टाकून म्हणाले, "गोऱ्यांनी त्यांचं बेट घेतलं, तवा पानीबी घेतलं. आता त्यांना सोताच्याच पान्याला गोऱ्याचं नाव घ्यावं लागतंय." ह्यावर सगळं गुऱ्हाळ हळहळलं. एका म्हाताऱ्यानं तर सरकारला अशी शिवी हासडली की दुसऱ्या दोघांनी उठून रस्त्यावर पोलीस नाही ना ते बघितलं. दुसरा सिद्धान्त ह्याहून जबर होता. माओरी आकडे एन, त्वे, द्री असे चालतात. आमच्या शाळेचे हेडमास्तर संस्कृताचे भोक्ते. त्यांनी ते ऐकलं आणि डोळे विस्फारून म्हणाले, "द्वे! त्रि! अहो, ही तर आर्य भाषा!" म्हणजे माओरी लोक आपलेच, फक्त फार लांब राहायला गेलेले. हेडमास्तरांनी आतोबांच्या विद्येला मान्यता दिली ती तेवढीच. बाकी सगळं त्यांना थोतांड वाटायचं.

बैलांचं तर विचारूच नका. उजव्या बैलाला आतोबा डचमध्ये हाकायचे आणि डाव्याला माओरीत, आणि बैलही असे तयार झाले होते की एकाची भाषा दुसरा मनावर घ्यायचा नाही. डावा बैल त्यांनी एकदा बाजारात विकला. घेणारा इंदापूरकडचा शेतकरी आठवडाभरात बैल परत घेऊन दारात उभा राहिला. "तात्या, ह्यो बैल म्हंजी दगड हाय. चाबूक खातोय पर पाऊल टाकत न्हाय." आतोबा ओट्यावरूनच काहीतरी खाकरले आणि बैल त्या माणसाला दोरासकट ओढत गोठ्यात गेला. आत्या मात्र ह्या सगळ्याला कंटाळली होती. आतोबा खुशीत असले की तिच्याशी डच बोलायचे आणि भाजीत मीठ जास्त पडलं की माओरी. "मला दोन सवती हायेत," ती माझ्या आईला सांगायची, "एक लाडीगोडी लावती आन एक खाकरती. सैपाक मातूर तिघींचा मीच करती."

मला ही विद्या अशी काही चढली की काय सांगू! मी घरात पाणी मागेना. 'वाई' मागायची. आई म्हणायची, "वाईला जायचं असलं तर पायी जा, आन जाताना घागर घेऊन जा." लंगडी घालताना मी डचमध्ये आकडे म्हणायची, मैत्रिणींनी बाद केलं तर माओरीत भांडायची. माझ्या मनात असं होतं की मोठेपणी आपण हॉलंडला जायचं, तिथल्या राणीला "हाएरे माई", म्हणजे "या, या", म्हणायचं, आणि राणीनं चकित होऊन विचारायचं, बाळ, तू कुठली? त्यावर मी काय उत्तर द्यायचं, तेही ठरलेलं होतं. नऊवारी कुठली नेसायची तेही. नऊवारी आईची होती आणि तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं.

मग शाळेत तपासणीला दिपोटीसाहेब आले. आले म्हणजे त्यांनी मुलींना प्रश्न विचारले, मुलींनी माना खाली घातल्या, आणि शेवटी त्यांनी विचारलं, युरोपातली एखादी भाषा सांगा. बाकीच्या मुलींनी इंग्रजी, फ्रेंच अशी नुसती नावं सांगितली. मी उभी राहिले, हात मागं बांधले आणि 'ताही, रुआ, तोरू, फा, रिमा' असे डच आकडे घडाघडा म्हणून दाखवले. दिपोटीसाहेब खूश. हेडमास्तरांकडे वळून म्हणाले, "वा! बरोबर आहेत ना हो हे?" हेडमास्तर काय म्हणणार? नाही म्हणावं तर शाळेचं नाक जातं. हो म्हणावं तर स्वतःच्या तोंडाला खोटं लागतं. ते "हॅ हॅ" म्हणाले. आणि दिपोटीसाहेबांची गाडी स्टेशनातून हलल्याबरोबर टोपी घट्ट बसवून तडक कन्हेरीला गेले. मागोमाग मी.

"हे बघा," ते आतोबांना म्हणाले, "तुम्ही बैलांना काय शिकवायचं ते शिकवा. मुलींच्या डोक्यात खोटं भरू नका."

"खोटं?" आतोबा उठून उभे राहिले. "मास्तर, ह्या कानांनी ऐकल्यालं हाय."

"मग दुसऱ्या कानांनाही ऐकू द्या. इंदापूरकडे साखरेचा नवा कारखाना उभा राहतोय. तिथं जावा बेटावरून एक साहेब आलाय, जातीचा डच. ऊस बघत गावोगाव फिरतोय. त्याला घेऊन येतो. त्याला तुमची भाषा कळली, तर भर बाजारात मी हात जोडीन. नाही कळली तर?"

आतोबांनी चुलवाणावर हात धरला. "न्हाय कळली तर आजपास्नं दोन्ही भाषा बंद. डचबी न्हाय आन माओरीबी न्हाय. ह्या आगीची आन."

आतून आत्या म्हणाली, "आगं माझे आई! लवकर आना त्या सायबाला. मी नारळ ठेवती."

सगळे हसले. आतोबा हसले नाहीत. हेडमास्तर गेल्यावर ते मला हळूच म्हणाले, "तुला सांगतो पोरी, मी बोलतोय तवर ती दोघं हितं असत्यात. उजवीकडं एक, डावीकडं एक. बोलनं बंद झालं की जात्याल." त्यांचं म्हणणं मला पोरकट वाटलं. माझ्यापुढं मोठाच प्रश्न होता: साहेब येईल तेव्हा परकर-पोलकं कुठलं घालायचं?

साहेब आला तेव्हा गुऱ्हाळ ऐन भरात होतं. मोटारीतून उतरलेला तो लालबुंद, अगडबंब माणूस, त्याच्या मागं इंग्रजी जाणणारा कारखान्याचा कारकून, त्याच्या मागं हेडमास्तर आणि त्यांच्या मागं अर्धी बारामती. आतोबांनी पलटणीतला कोट चढवला होता. त्याची बटणं आता पोटाशी बोलत नव्हती. मी त्यांच्या शेजारी उभी, वेण्यांना नव्या रिबिनी, चेहऱ्यावर राणीला भेटायला निघाल्याचा भाव. आतोबा पुढं झाले, दोन्ही हात पसरले आणि आयुष्यातल्या सगळ्यात गोड आवाजात म्हणाले, "हाएरे माई! हाएरे माई!"

साहेबानं मान तिरकी केली. हसला. मग कारकुनाला काहीतरी विचारलं.

"साहेब विचारतायत," कारकून म्हणाला, "ही मराठी का?"

आतोबांनी घसा साफ केला. त्यांनी आकडे म्हटले. पाणी, खाणं, चांगलं, सगळं म्हटलं. उजवीकडच्याचं गाणंसुद्धा म्हटलं, अगदी शेवटपर्यंत. आपल्याला ऐकू येत नसेल असं साहेबाला वाटलं असावं, कारण तो कान पुढं करून आणखी जवळ आला. मी पाठीमागून जोरजोरात साथ देत होते. बहिऱ्यालाही कळावी एवढ्या जोरात. साहेबाच्या निळ्या डोळ्यांत नुसतं सौजन्य होतं. हेडमास्तरांनी टोपी काढून वारा घेतला. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. त्या दिवशी नारळाची भाषा करणारी आत्या पदर तोंडाशी धरून उभी होती, आणि ती हसत नव्हती.

"बास," आतोबा म्हणाले. कोटाची उरलेली दोन बटणं त्यांनी सोडली. "ठरलं ते ठरलं, मास्तर. आजपास्नं बंद."

इथं सगळं संपायचं. पण आमच्याकडे गुऱ्हाळावर आलेला माणूस, मग तो वैरी का असेना, गरम गूळ तोंडात घातल्याशिवाय जात नाही. जाऊ दिला तर हंगाम फसतो म्हणतात. आत्यानं उसाचं कांडकं काहिलीत बुडवून, त्याला गुंडाळलेला ताजा गूळ साहेबाच्या हातात दिला आणि "फुका, फुका" म्हणून खूण केली. साहेब पडला साखरेतला तज्ज्ञ. साखर कशी खायची हे त्याला कन्हेरीनं काय शिकवावं? त्यानं ते आख्खं तोंडात घातलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग साहेबाचे डोळे मोठे झाले, मान लाल होती ती जांभळी झाली, आणि त्याच्या घशाच्या मुळापासून एक अशी लांबलचक, खरखरीत, खकारांनी भरलेली आरोळी निघाली की चरकाशी निवांत रवंथ करत उभा असलेला डावा बैल दचकून चालायला लागला. उजवा जागचा हलला नाही. जू वाकडं झालं, चरक करकरला, गडी धावले. आतोबा मात्र पुतळ्यासारखे उभे होते. मग त्यांनी साहेबाकडे बोट केलं आणि आरडले, "ह्यो डच न्हाय! मास्तर, तुमाला फसवलंय! ह्यो अस्सल माओरी हाय!"

"होय, होय, माओरीच!" मी किंचाळले. आणि हेडमास्तरांना समजावून सांगितलं, "गुरुजी, रंग लावलाय त्यानं!"

आतोबांच्या अंगात वारं संचारलं होतं. ते साहेबापुढं जाऊन डावीकडच्या खाटेवरचा सगळा ऐवज एका दमात बोलून गेले: माश्या, पेज, सुतळी आणि देव. साहेब जीभ बाहेर काढून उभा होता तो तसाच राहिला. मग तो हसायला लागला. हसता हसता काहिलीजवळच्या मातीत बसला, डोळे पुसले, तीच वाक्यं पुन्हा म्हणवून घेतली, आणि स्वतः त्यात भर घातली. आतोबांनी त्यात आणखी भर घातली. दोघं एकमेकांचे खांदे धरून खाकरत होते. कारकुनाला साहेबानं मधेच काहीतरी सांगितलं, तसा तो ओशाळून म्हणाला, "साहेब म्हणतायत, ही त्यांची मातृभाषा आहे. डच. पण... अशी डच त्यांनी लहानपणी बंदरावर ऐकली होती, आणि तेव्हा त्यांच्या आईनं त्यांचे कान झाकले होते."

हेडमास्तर सरळ माणूस. त्यांनी तिथल्या तिथं हात जोडले. "कळली. साहेबांना तुमची भाषा कळली. मी हरलो." आणि स्वतःशीच पुटपुटले, "म्हणजे द्वे, त्रि... तरीच." गर्दीनं आतोबांना खांद्यावर घ्यायचं ठरवलं. पण आतोबा कुठं होते? ते उसाच्या मोळीवर जाऊन बसले होते.

"जिंकलात ना आतोबा!" मी म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले. "डावीकडला डच हुता." मग थोड्या वेळानं, "आन मग उजवीकडला?"

"उजवीकडचा माओरी. सरळ आहे."

"असं कसं? त्यो तर लई चांगला हुता."

हे म्हणताना त्यांचं त्यांनाच काहीतरी ऐकू आलं असावं. त्यांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. मी, बारामतीतली सगळ्यात हुशार मुलगी, म्हटलं, "त्यात काय? नावं अदलाबदल करायची, एवढंच!" आतोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की रिबिनींसकट माझ्या दोन्ही वेण्या खाली आल्या.

एवढंच म्हटलं खरं मी; पण त्या एवढ्याशा गोष्टीला आतोबांना पुढचा सगळा उन्हाळा लागला. इतकी वर्षं ज्याला ज्याला त्यांनी ह्या दोघांची गोष्ट सांगितली होती, त्याच्या त्याच्या दारी ते गेले. बाजारात न्हाव्याकडे गेले, काटेवाडीच्या पाहुण्यांकडे गेले, बैल परत केलेल्या त्या शेतकऱ्याकडेही गेले. "मी तुला म्हनलो हुतो ना, तोंड पुसायचा त्यो डच? त्यो डच नव्हं. त्यो माओरी. तेवढं नीट करून घे." लोकांच्या ते लक्षातसुद्धा नसायचं. न्हावी म्हणाला, "तात्या, ह्यो काय आन त्यो काय, मला दोन्ही सारखंच." आतोबा अर्धी दाढी राहिलेली तशी उठले. "तुला सारखं. पर चांगुलपना यकानं केला आन नाव दुसऱ्याचं झालं, हे बरं दिसतं व्हय?" फक्त बैलांना त्यांनी काही सांगितलं नाही. म्हणाले, "त्यांचं कुठं काय चुकलं हुतं?"

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी इंदापूरला सासरी गेले. तिथं जाऊन गप्प बसले असते तर ती मी कसली! महिनाभरात धाकट्या नणंदेला डच शिकवून झाली होती, जुनीच, गोड. लाज अशी की बदललेली नावं नव्या माणसांत सांगायची कुठं, त्यापेक्षा चालू द्यावं. तर एका दुपारी ओट्यावर आतोबा हजर. बगलेत फडक्यात बांधलेली गुळाची ढेप. राम राम झाल्याबरोबर माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "आमच्या पोरीनं तुमाला काय शिकवलं असंल तर त्ये उलटं करून घ्या. डचाला माओरी म्हना आन माओरीला डच." मी माजघरात धान्याच्या कणगीमागं लपले. सासरे सावकाश म्हणाले, "बरं." दुसरं काय म्हणणार? सासूबाई मात्र दाराआड बसून ऐकत होत्या. फार कडक बाई; हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. आतोबांनी तंबूची सगळी गोष्ट सांगितली तेव्हा त्या आतूनच म्हणाल्या, "त्यानं तुमाला बघितलं हुतं का हो पावनं?"

"व्हय वैनी. यक डोळा उघडा हुता त्याचा."

"आन तुमी त्याला?"

"न्हाय. आवाज तेवढा."

"मग मनात कसा धरला हुता?"

"गोरा," आतोबा म्हणाले. "पिवळ्या केसांचा, निळ्या डोळ्यांचा. इतकी वर्सं डोळं मिटलं की तसाच दिसायचा. आता रोज थोडा थोडा सावळा करतोय."

सासूबाईंनी मला हाक मारून पाहुण्यांना जेवायचं पान मांडायला सांगितलं, आणि त्यावर तूप वाढायला त्या स्वतः बाहेर आल्या.

पुढं सणावाराला माहेरी गेले की मी कन्हेरीला जायची आणि खट्याळपणानं विचारायची, "आतोबा, कुठवर आलं?" ते अगदी गंभीरपणे सांगायचे. एकदा म्हणाले, "पाय झालं." पुढच्या खेपेला म्हणाले, "हात झालं. हात लई मोठं हुतं त्याचं, फडकं फिरवताना समजायचं." मी हसायची. मग एका हंगामात गेले तेव्हा ते चुलवाणापाशी बसले होते, थकलेले. खोकला लागला होता. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "तोंड तेवढं ऱ्हायलंय. त्यांच्यात तोंडावर गोंदून घेत्यात ना. त्ये गोंदन कसं असंल, काय केल्या ध्येनात येत न्हाय. कुणाला इचारावं?"

आत्या काहिलीवरची मळी काढत होती. तिनं झारा बाजूला ठेवला, पदर मागं सारला आणि येऊन त्यांच्यापुढं उजेडात बसली. तिच्या हनुवटीवर लहानपणी गोंदलेले हिरवे ठिपके होते आणि कपाळावर चंद्रकोर. "असंच असंल की," ती म्हणाली. "बघा नीट."

आतोबांनी आत्याच्या तोंडाकडं पाहिलं. लग्न झाल्यापासून त्यांनी तिच्याकडं इतका वेळ कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. मग त्यांनी सावकाश डोळे मिटून घेतले.